५४ ठोकळ्यांची शाळा: मनोऱ्याच्या खेळातून गणित, विज्ञान, मराठी आणि इतिहास

तीन-तीन लाकडी ठोकळ्यांचे १८ थर, प्रत्येक थर खालच्याला आडवा. एका हातानं खालचा एखादा ठोकळा अलगद काढायचा, माथ्यावर ठेवायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल तो हरला. लेस्ली स्कॉट यांच्या घरी, घाना देशात, हा खेळ आकाराला आला. १९८३ मध्ये त्यांनी तो लंडनच्या खेळणी-प्रदर्शनात ‘जेंगा’ या नावानं मांडला. आज त्याचे स्वस्त-महाग संच कुठेही मिळतात आणि घरी करून घेणंही अवघड नाही.

इंदूरच्या मराठी घरांतली मुलं बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. गणित-विज्ञान शाळा शिकवते, मराठी व्याकरण आणि होळकरांचा इतिहास मात्र बराचसा घरूनच द्यावा लागतो. या लेखात दोन्ही आहे. तिसरीच्या मुलापासून अकरावीच्या विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाला पुरेल इतका मजकूर या ५४ ठोकळ्यांत आहे, पण एक अट पाळली तरच.

अट अशी: ठोकळ्याला हात लावण्याआधी मुलानं आपला अंदाज कागदावर लिहायचा. ‘हा सैल निघेल’, ‘मनोरा खिडकीकडे झुकेल’, ‘चार ठोकळ्यांत टोक टेबलाबाहेर जाईल’, असं एक वाक्य पुरे. तोंडी सांगितलेला अंदाज मनोरा पडल्यावर सोयीनं बदलतो, लिहिलेला बदलत नाही. अंदाज चुकला की ‘का?’ हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं, आणि शिकणं तिथेच सुरू होतं. अंदाज न लिहिता खेळला तर तो छान खेळ राहतो, पण त्यातून विषय शिकवला असं म्हणू नये.

ठोकळे: विकत घ्यावे की करून घ्यावे

विकतचा संच असेल तर पट्टीनं मोजून पाहा. लांबी रुंदीच्या बरोबर तिप्पट हवी, नाहीतर तीन ठोकळ्यांचा थर चौरस होत नाही आणि खालची सगळी गणितं बिघडतात. करून घेणार असाल तर ७५ × २५ × १५ मिमी हे माप घ्या. मुलाच्या हाताला ते बसतं आणि आकडेमोडीलाही सोपं जातं.

सुताराकडून किंवा आरा मशीनवरून २५ × १५ मिमी जाडीच्या, १ मीटर लांबीच्या ५ पट्ट्या रंधा मारून घ्या. करवतीचं पातं प्रत्येक कापाला सुमारे ३ मिमी लाकूड खातं. त्यामुळे एका पट्टीतून १३ ठोकळे निघत नाहीत: १३ × ७५ = ९७५ आणि १२ कापांचे ३६, बेरीज १०११ मिमी. १२ निघतात. पाच पट्ट्यांचे ६० ठोकळे झाले, ५४ खेळायला आणि ६ प्रयोगांत भिजवायला-घासायला. हा हिशेब सुताराकडे जाण्याआधी मुलाला करू द्या. पातं लाकूड खातं हे न सांगता विचारलंत तर ते १३ सांगेल. मग पातं दाखवा.

कापताना प्रत्येक वेळी पेन्सिलीची खूण करू नका, खुणेगणिक फरक पडतो. करवतीपासून ७५ मिमीवर एक लाकूड पक्कं बसवा आणि पट्टी त्याला टेकवून सगळे तुकडे कापा.

सागाचे तुकडे मिळाले तर उत्तम. ते टणक असतात आणि दमटपणात कमी फुगतात. पाइन स्वस्त आणि हलकं, पण त्याच्या कडा पडून-पडून चेपतात. प्लायवूड नको, कापलेल्या कडेचे पापुद्रे निघतात. ओलं लाकूड असेल तर कापण्याआधी पट्ट्या सावलीत, मध्ये फटी ठेवून, आठ-दहा दिवस सुकवा.

घासायला आधी १२० नंबरचा आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. कडा जराशा मोडायच्या, सपाट बाजू मात्र सपाटच राहिल्या पाहिजेत. पेपर टेबलावर अंथरून ठोकळा त्यावर फिरवा. पेपर हातात धरून घासला तर ठोकळ्याचं मधलं पोट फुगीर राहतं आणि मनोरा डोलतो. पॉलिश, वॉर्निश, रंग काहीही लावू नका. उन्हाळ्यात वॉर्निश चिकटतं आणि घर्षणाचे सगळे प्रयोग वाया जातात.

सगळे ठोकळे तंतोतंत सारखे व्हावेत असा हट्टही नको. जाडीतला ०.२ ते ०.५ मिमीचा फरक हाच या खेळाचा प्राण आहे. जो ठोकळा शेजाऱ्यांपेक्षा किंचित पातळ, त्याच्यावर वरचा भार येतच नाही, म्हणून तो सैल निघतो. फरक १ मिमीच्या वर गेला तर मात्र मनोरा रचतानाच कलतो, असे ठोकळे राखीव सहांत टाका.

इंदुरात जुलै-ऑगस्टमध्ये ठोकळे घट्ट वाटू लागतात. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. तीन ठोकळे शेजारी ठेवून त्यांची एकत्र रुंदी मे महिन्यात मोजा आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. पाइनच्या थरात मिलिमीटरभर फरक दिसू शकतो, एका ठोकळ्याची लांबी मात्र तीच राहते. घरबसल्या होणारा हा सर्वांत स्वस्त दीर्घ प्रयोग आहे, तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

मांडणी

टेबलावर एक गोटी ठेवा. ती घरंगळली तर त्या बाजूच्या पायाखाली घडी केलेला कागद घाला. मनोरा रचताना दोन फळ्यांचा काटकोन एका कोपऱ्याला लावून ठेवा आणि सगळे थर त्याला टेकवा. खाली जमिनीवर जाड चादर अंथरा. ठोकळे पायावर पडतात आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातात.

खेळणारे तीन किंवा चार. याहून जास्त मुलं असली की पाळी लांबते आणि अंदाज लिहिणं पहिलं सुटतं. ठोकळा वर ठेवल्यावर १० अंक मोजायचे, तोवर मनोरा उभा राहिला तर खेळी पूर्ण. वरचा तीन ठोकळ्यांचा थर पुरा झाल्याशिवाय नवा सुरू करायचा नाही. सर्वांत वरच्या पुऱ्या थरातून आणि त्याच्यावरच्या अपुऱ्या थरातून ठोकळा काढायचा नाही.

नोंदीच्या कागदावर सहा रकाने आखा: खेळी क्रमांक, थर (खालून), जागा, अंदाज, काय झालं, कारण. ‘जागा’ या रकान्यात घोटाळा होतो, कारण एकाआड एक थर आडवे असतात. विषम थरांतले ठोकळे खिडकीकडून १, २, ३ आणि सम थरांतले दाराकडून १, २, ३ मोजायचे असं आधीच ठरवा.

एका बैठकीत एकच विषय. ४० मिनिटं पुरतात: १० मिनिटं मोजमाप, २० मिनिटं खेळ, १० मिनिटं नोंदी वाचून बोलणं. शेवटची दहा मिनिटं बुडवायचा मोह होतो, कारण मुलांना पुन्हा खेळायचं असतं. ती बुडवू नका.

गणित

लहानांसाठी सरळ मोजमाप. एका ठोकळ्याचं घनफळ ७.५ × २.५ × १.५ = २८.१२५ घनसेंमी. ५४ ठोकळ्यांचं १५१८.७५. आता अख्खा मनोरा मोजा: ७.५ × ७.५ × २७ = १५१८.७५. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं, आणि पाचवी-सहावीच्या मुलाला ते पट्टीनं स्वतः मोजून मिळालं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

पुढचा प्रश्न पृष्ठफळाचा. एका ठोकळ्याचं ६७.५ चौसेंमी, ५४ सुट्या ठोकळ्यांचं ३६४५. रचलेल्या मनोऱ्याचं बाहेरून दिसणारं, तळ धरून, ९२२.५. लाकूड तेवढंच, उघडी बाजू जवळजवळ चौपट. बटाटा बारीक चिरला की लवकर का शिजतो, ढलप्या ओंडक्याआधी का पेटतात, या दोन्हींचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मोठ्या मुलांसाठी एक फार सुंदर गणित मनोऱ्यात दडलेलं आहे. समजा, १८ही थरांतले मधले ठोकळे काढून वर रचले. १८ ठोकळ्यांचे ६ नवे थर होतात. या सहांतले मधले काढले की आणखी २ थर. त्या दोनांतले मधले काढले की उरतात २ ठोकळे, म्हणजे दोन-तृतीयांश थर. १८ + ६ + २ + २/३... प्रत्येक पद आधीच्याच्या एक-तृतीयांश. अकरावीतल्या भूमिती श्रेढीच्या सूत्रानं अनंत पदांची बेरीज येते २७. सूत्र न वापरता विचारा: शेवटी प्रत्येक थरात दोनच ठोकळे राहणार असतील तर ५४ ठोकळ्यांचे थर किती? ५४ ÷ २ = २७. सहावीचं मूल हे उत्तर देतं आणि अकरावीचा भाऊ चकित होतो. खेळाच्या नियमांमुळे शेवटचा एक ठोकळा काढता येत नाही. कुठला, का, आणि तरीही उंची २७ थरांचीच, म्हणजे ४०.५ सेंमीच कशी राहते, हे त्यांना शोधू द्या. सांगून टाकू नका.

टेबलाबाहेर जाणारा ठोकळा

हा प्रयोग वेगळा मांडतो, कारण गणित आणि भौतिकशास्त्र यांतली भिंत तो पाडतो. प्रश्न असा: एकावर एक ठेवलेले ठोकळे पुढे सरकवत गेलो तर सर्वांत वरचा ठोकळा पूर्णपणे टेबलाच्या कडेबाहेर जाईल का? आधी सर्वांना लिहू द्या. बहुतेक ‘नाही’ लिहितात.

१. सहा ठोकळे लांबीच्या दिशेनं, सपाट, एकावर एक ठेवा. सगळ्यांची पुढची टोकं टेबलाच्या कडेशी जुळवा.
२. सर्वांत वरचा ठोकळा पुढे सरकवा. तो कलायला लागला की केसभर मागे घ्या. किती बाहेर आला ते मिलिमीटरमध्ये लिहा.
३. आता वरचे दोन एकत्र धरून सरकवा, त्यांची आपसांतली जागा न बदलता. पुन्हा मोजा.
४. मग वरचे तीन, चार, पाच, आणि शेवटी सहाही.

सिद्धांतानं येणारी मापं अशी: पहिला ७५ ÷ २ = ३७.५ मिमी, दुसरा ७५ ÷ ४ = १८.७५, तिसरा ७५ ÷ ६ = १२.५, चौथा ७५ ÷ ८ = ९.३७५. चारांची बेरीज ७८.१२५ मिमी. ठोकळा ७५ मिमीचा, म्हणजे चारच ठोकळ्यांत वरचा टेबलाबाहेर जायला हवा.

प्रत्यक्षात जात नाही. प्रत्येक माप सिद्धांतापेक्षा १ मिमी कमी पडलं तरी बेरीज ७४.१ मिमीवर येते आणि वरच्या ठोकळ्याची शेपटी कडेच्या आत राहते. पाचवा ठोकळा सरकवला की आणखी ७.५ मधले ६.५ मिळतात आणि बेरीज ८०.६ होते. म्हणून सहा ठोकळे घ्यायला सांगितले. सिद्धांत आणि हात यांतला हा फरक मुलांपासून लपवू नका. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

सर्वांत जास्त वेळा बिघडते ती तिसरी पायरी. मुलं दोन ठोकळे सरकवताना वरच्यावर दाबतात, तो मागे घसरतो आणि आधीचं माप बदलतं. बोट खालच्या ठोकळ्याच्या मागच्या टोकाला लावून ढकला, वरून दाबू नका.

विज्ञान

*घनता.* स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळे ५४ ठोकळे एकदम तोला. एकेक तोललात तर १ ग्रॅमची चूक १८ ग्रॅमच्या ठोकळ्यात फार मोठी ठरते. समजा वजन ९५० ग्रॅम भरलं. ९५० ÷ १५१८.७५ म्हणजे सुमारे ०.६३ ग्रॅम प्रति घनसेंमी. आता राखीव ठोकळा पाण्यात सपाट सोडा. अंदाज: १५ मिमीपैकी किती बुडेल? १५ × ०.६३ म्हणजे साधारण ९.४ मिमी. पाण्याची रेघ पेन्सिलीनं चटकन आखा, लाकूड पाणी पिऊ लागलं की रेघ वर सरकते.

*घर्षण.* ६० सेंमी लांबीची फळी घ्या. तिच्यावर एक ठोकळा ठेवून एक टोक हळूहळू उचला आणि ठोकळा ज्या क्षणी घसरेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा. उंची २० सेंमी असेल तर पाया पायथागोरसच्या प्रमेयानं सुमारे ५६.६ सेंमी आणि घर्षणांक २० ÷ ५६.६, म्हणजे सुमारे ०.३५. पाच वेळा करून सरासरी घ्या. मग राखीव ठोकळ्याला मेणबत्ती घासून तोच प्रयोग करा. मेण लावलेला ठोकळा पुन्हा मनोऱ्यात मिसळू नका.

हा ०.३५ आता मनोऱ्यात वापरा. खालून तिसऱ्या थरावर १५ थर, म्हणजे ४५ ठोकळे उभे असतात. ठोकळा १८ ग्रॅमचा धरला आणि भार तिघांत सारखा वाटला गेला, तर प्रत्येकावर २७० ग्रॅम. ओढताना वर आणि खाली दोन्हीकडून घर्षण होतं: ०.३५ × (२७० + २८८), म्हणजे सुमारे १९५ ग्रॅम वजनाइतकी ओढ. खरं तर भार सारखा वाटला जातच नाही. म्हणून त्याच थरातला एक ठोकळा बोटानं टिचकी मारल्यावर हलतो आणि शेजारचा खिळल्यासारखा बसतो. मुलांनी थरांना हलकेच टिचक्या मारून सैल ठोकळ्यांचा नकाशा काढावा. चार खेळी झाल्या की तो पुन्हा काढावा लागतो, कारण एक ठोकळा निघाला की भार दुसरीकडे सरकतो.

*गुरुत्वमध्य.* थरातला कुठला ठोकळा काढणं सुरक्षित? हे पट्टीनं मोजता येतं. वरच्या भागाचा मध्य थराच्या कडेपासून ३७.५ मिमीवर. मधला ठोकळा काढला तर आधार ० ते ७५ पसरलेला राहतो, मध्यापासून दोन्हीकडे ३७.५ मिमी मोकळीक. कडेचा काढला तर त्या बाजूची मोकळीक १२.५ मिमीवर येते. दोन्ही कडेचे काढून फक्त मधला ठेवला तर दोन्ही बाजूंना १२.५. आणि मधला व एका कडेचा काढला तर उरलेला ठोकळा ० ते २५ वर आणि मध्य ३७.५ वर, म्हणजे आधाराच्या १२.५ मिमी बाहेर: मनोरा पडणारच. मुलं हे दोनचारदा पडून शिकतात, पण मोजून शिकली तर पुढे पुलाचा, क्रेनचा, लादलेल्या ट्रकचा प्रश्न त्यांना परका वाटत नाही.

*कलणं की घसरणं?* त्याच ६० सेंमीच्या फळीवर पूर्ण मनोरा ठेवून टोक उचला. ७५ मिमी रुंद आणि २७० मिमी उंच मनोरा साधारण १५.५ अंशांवर कलंडतो, म्हणजे टोक सुमारे १६ सेंमी उचलल्यावर. प्रत्यक्षात थोडा आधीच, कारण थर किंचित पुढे-मागे असतात. आता ९ थरांचा मनोरा ठेवा. त्याला कलंडायला २९ अंश लागतात, पण ०.३५ घर्षणांकाचा ठोकळा साधारण १९ अंशांवरच घसरतो. म्हणून बुटका मनोरा पडण्याआधी सरकतो. दोन्ही अंदाज आधी लिहून घेतलेत का, तेवढं पाहा.

जडत्वासाठी कॅरमच्या सोंगट्यांचा प्रयोग मुलांना ठाऊक असतो. चार-पाच ठोकळ्यांच्या चळतीत खालचा ठोकळा पट्टीनं झटक्यात उडवला तर तेवढाच बाहेर पडतो, हळू ढकलला तर सगळी चळत सोबत जाते. पूर्ण मनोऱ्यावर करू नका, ठोकळे डोळ्यापर्यंत उडतात.

मराठी: तो, ती, ते

इंदूरच्या मुलांचं मराठी बोलणं सहज असतं, पण लिंग हिंदीच्या वळणानं जातं. ‘मी पुस्तक वाचली’ हे वाक्य अगदी नेहमीचं, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. विजय आणि आत्मा यांचंही तसंच, हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून ‘ते’ कानावरून निसटतं. आणि मनोऱ्याच्या प्रत्येक थरात जागा तीनच असतात!

प्रत्येक ठोकळ्याच्या २५ × १५ मिमीच्या टोकावर पेन्सिलीनं एक नाम लिहा. कागद चिकटवू नका, जाडी बदलते. टोकं १०८ आहेत, म्हणून एका टोकावर एकवचन आणि दुसऱ्यावर अनेकवचन. तिन्ही लिंगांची प्रत्येकी १८ नामं घ्या. काही नमुने:

पुल्लिंग: रस्ता–रस्ते, डोळा–डोळे, दगड–दगड, डोंगर–डोंगर.
स्त्रीलिंग: वीट–विटा, भिंत–भिंती, चूक–चुका, चूल–चुली, पाटी–पाट्या.
नपुंसकलिंग: पुस्तक–पुस्तके, फूल–फुले, मडके–मडकी, पाखरू–पाखरे, लिंबू–लिंबे.

मनोरा रचताना एकवचनाची टोकं खिडकी आणि दार या दोन बाजूंना येतील असं पाहा. खेळताना ठोकळा काढायच्या आधी एकवचनासोबत विशेषण आणि अनेकवचन बोलायचं: ‘पांढरं मडकं, पांढरी मडकी’. मग ठोकळा वर ठेवायचा तो त्याच्याच जागी: डावीकडे तो, मध्ये ती, उजवीकडे ते. एका थरात एका लिंगाचा एकच ठोकळा. त्यामुळे शेवटची जागा ‘ते’ची उरली असेल तर मुलाला सैल ठोकळ्यांतून नपुंसकलिंगी नाम हुडकावं लागतं. इथे व्याकरण खेळाची चाल ठरवतं, ते वरून चिकटवलेलं नसतं.

अडचण येते ती वीट–विटा आणि भिंत–भिंती इथे. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, अनेकवचन वेगळं. याला सोपा नियम नाही, आणि मुलाला तसं स्पष्ट सांगावं. अशी नामं जास्त घ्या आणि आजीला पंच करा. तिचा कान कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्का असतो.

इतिहास: खालून वर

एक थर म्हणजे १० वर्षं. तळाला १७६७ धरा, अहिल्याबाई होळकरांनी कारभार हाती घेतला ते वर्ष. १८ थर म्हणजे १८० वर्षं, माथा येतो १९४७ वर. १५ मिमीला १० वर्षं, म्हणून १ वर्ष १.५ मिमी. मुलांना आधी नुसत्या नजरेनं खुणा करायला सांगा आणि मग पट्टीनं तपासा.

१७९५, अहिल्याबाईंचं निधन: ४२ मिमी. १८०१, शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं-जाळलं: ५१ मिमी. १८१७, होळकर आणि इंग्रज यांच्यातली महिदपूरची लढाई: ७५ मिमी, म्हणजे पाच पूर्ण थर. १८१८, त्या दोघांतलाच मंदसौरचा तह: अवघा दीड मिलिमीटर वर. १८५७, १ जुलैला इंदूरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला: १३५ मिमी, बरोबर मध्यावर. बहुतेक मुलं १८५७ खूप वर दाखवतात आणि अहिल्याबाईंचा २८ वर्षांचा कारभार फार जाड धरतात. काळाची लांबी डोळ्यांनी दिसली की सनावळी डोक्यात बसते.

दुसरी पद्धत कारणांची. कागदाच्या चिठ्ठ्यांवर घटना लिहा, ठोकळ्याखाली ठेवा आणि कारण खाली, परिणाम वर असे थर रचा. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, मुलगा मालेरावही वर्षभरातच गेला: या तीन ठोकळ्यांवर १७६७ उभं आहे. महिदपूरवर मंदसौर, आणि मंदसौरनंतर इंदूर राजधानी. कुठला ठोकळा काढला तर काय कोसळतं, यावर वाद घालू द्या. इथे एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून लिहिलेल्या अंदाजाशेजारी कारण लिहिणं सक्तीचं ठेवा.

इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यावरही एक बैठक करा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. दगडी मजल्याला तीन ठोकळ्यांचा आणि लाकडी मजल्याला दोन ठोकळ्यांचा थर घेतला तर १७ ठोकळ्यांच्या या प्रतिकृतीचा गुरुत्वमध्य ४७.२ मिमीवर येतो. उलटं रचलं, हलके खाली आणि जड वर, तर ५७.८ मिमीवर. उंची दोन्हींची १०५ मिमीच. प्रत्येकाला रबर बँड बांधा, पायाशी पट्टी अडवून फळी उचला: उलटा रचलेला आधी पडतो. १९८४ च्या आगीत लाकडी भागाचं काय झालं, हे मग राजवाड्यासमोर उभं राहून दाखवा.

संख्याशास्त्र थोडक्यात

नोंदींचे कागद फेकू नका. वीस खेळ झाले की किती खेळींनंतर मनोरा पडला त्याची सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) काढता येतो, आणि कुठल्या थरातून काढताना जास्त वेळा पडला याचा स्तंभालेखही. एखादा खेळ पहिल्या चार खेळींतच संपलेला असेल, तर सरासरी किती हलते आणि मध्यक किती कमी हलतो, ते त्याच आकड्यांवर दाखवा.

काय टाळावं

ठोकळ्यांवर प्रश्न चिकटवून ‘उत्तर आलं तरच ओढ’ असे तयार संच मिळतात. आमच्या मते ते टाळावेत. पाढ्याचा प्रश्न आणि मनोऱ्याचा तोल यांचा तिथे काही संबंध नसतो. ज्याला पाढे येत नाहीत तो खेळायलाही मुकतो. विषय ठोकळ्यांच्या मापात, वजनात, रचनेत असला पाहिजे.

मोठ्यांनी उत्तर लवकर सांगू नये. मनोरा पडल्यावर निदान मिनिटभर गप्प राहा, मुलं आपसांत बोलतात ते ऐका. थोरलं भावंड सगळे अंदाज स्वतः लिहीत असेल तर प्रत्येकाला वेगळा कागद द्या आणि धाकट्याचा अंदाज आधी वाचा.

वर्गात ४० मुलं असतील तर पाच संच पुरतात. एका टेबलाला आठ जण: चौघं खेळतील, दोघं मोजतील, दोघं नोंदी ठेवतील, आणि दर १५ मिनिटांनी कामं बदलतील. मनोरे एकाच वेळी नको, एका टेबलाचा पडला की चाळीसही माना तिकडे वळतात. म्हणून दोन टेबलांवर मनोरा, दोनांवर टेबलाबाहेरचा ठोकळा आणि एकावर फळीचा प्रयोग ठेवा.

ठेवायला आतून ७.८ × ७.८ × २८ सेंमीचा खोका करा. ५४ ठोकळे त्यात रचूनच बसतात, एक हरवला तर लगेच कळतं. पावसाळ्यात खोका लोखंडी कपाटात ठेवा आणि राखीव सहा ठोकळे वेगळ्या पिशवीत, नाहीतर मेण लावलेला एखादा नेमका मनोऱ्याच्या तळाशी जातो.